काम तुमचं, चूक त्याची: भरपाई कोणी द्यायची?

अन्नपूर्णा मंदिराच्या पुढच्या वळणावर एका लोडिंग रिक्षाने स्कूटरला मागून धडक दिली. रिक्षात मल्हारगंजच्या दुकानातलं लोखंडी कपाट होतं. नायलॉनच्या दोरीने बांधलेलं, दारांवरचा पुठ्ठा अजून तसाच. माल सुदामा नगरात पोचवायचा होता, पण ड्रायव्हरची मुलगी घरी डबा विसरली होती आणि शाळा तिथून एखाद किलोमीटरवर, म्हणून त्याने गाडी आत वळवली होती. स्कूटरवरच्या बाईंच्या पायाचं हाड मोडलं. संध्याकाळी दुकानाचे मालक माझ्याकडे आले ते खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, ‘‘काका, मी तर गल्ल्यावर बसलो होतो. त्याला शाळेत जायला मी सांगितलं होतं का?’’

इंदूरच्या कोर्टात वकिली करताना हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याची गणती नाही. सियागंजचा किराणावाला म्हणतो, सांवेर रोडचा कारखानदार म्हणतो, रामबागेत शिकवणी वर्ग चालवणारी ताईही म्हणते. म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याने खरंच सांगितलेलं नसतं. पण कायदा ‘तुम्ही सांगितलं होतं का’ असं विचारतच नाही. तो विचारतो, ‘त्या वेळी तो माणूस कुणाचं काम करत होता?’ या एका प्रश्नाचं उत्तर नीट काढता आलं तर पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. हा लेख ते कसं काढायचं यासाठी आहे. दुकान, गोदाम, दवाखाना, क्लास, केटरिंग, काहीही चालवत असाल तरी उपयोगी पडेल, आणि ज्यांना दुसऱ्याच्या नोकरामुळे इजा झाली त्यांनाही.

नोकराच्या चुकीची भरपाई मालकावर येणं, याला कायद्याच्या मराठीत प्रातिनिधिक दायित्व म्हणतात. कोर्टात सगळे ‘व्हायकेरियस लायबिलिटी’च म्हणतात. आपल्याकडे अपकृत्यांचा, म्हणजे दिवाणी नुकसानीचा, एकच सलग लिहिलेला कायदा नाही. हा नियम निकालांतून घडत आलाय. कामाचा फायदा तुम्ही घेता, माणूस तुम्ही निवडता, त्याच्या हाती गाडी, चाव्या, पावतीपुस्तक तुम्ही देता. तेव्हा त्या कामातून रस्त्यावरच्या तिऱ्हाइताचं नुकसान झालं तर ते त्याने एकट्याने सोसावं हे न्यायाला धरून नाही. मला हा नियम मनापासून पटतो. महिन्याला तुटपुंजा पगार मिळवणाऱ्या ड्रायव्हरवर लाखांचा हुकूमनामा (पैसे भरायचा कोर्टाचा आदेश) झाला तर मोडलेल्या पायाच्या बाईला त्यातून दमडीही मिळत नाही.

पहिली पायरी: माणूस तुमचा आहे का?

नेमणूकपत्र नाही, पगार रोख देतो, हजेरीचं रजिस्टर नाही, म्हणून तो ‘आमचा माणूस नाही’ असं होत नाही. तो काय काम करणार एवढंच तुम्ही ठरवता, की ते कसं करायचं हेही तुम्हीच ठरवता, हे कोर्ट बघतं. गाडी कुणाची, अवजारं कुणाची, वेळ कोण ठरवतं, काम पसंत पडलं नाही तर परत करून घ्यायचा हक्क कुणाला, काढून कोण टाकू शकतं, हेही बघितलं जातं.

आपल्याकडे तयार कपड्यांचा धंदा मोठा, म्हणून एक निकाल सांगतो. नगावर मजुरी घेणारे शिंपी दुकानाचे नोकर की स्वतंत्र कारागीर, हा वाद १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. शिंप्यांना ठरावीक वेळेचं बंधन नव्हतं, काही जण कापड घरी नेऊनही शिवत. तरी ते नोकरच ठरले. मशिनं दुकानाची होती, आणि शिलाई बिघडली तर उसवून पुन्हा शिवायला सांगायचा हक्क दुकानदाराचा होता. तो वाद दुकानांच्या कायद्याखालचा होता, भरपाईचा नव्हता; पण नोकर कोण हे ठरवायची कसोटी तीच.

ठेकेदाराचं वेगळं. घराचं प्लास्टर करायला ठेकेदार लावला, माणसं त्याची, परात-थापी त्याची, आणि त्याच्या गवंड्याच्या हातून शेजाऱ्याची काच फुटली, तर सहसा ठेकेदार जबाबदार. यातल्या पळवाटा मात्र बंद आहेत. चुकीचं काम तुम्हीच करायला सांगितलं असेल, किंवा काम मुळातच लोकांना धोक्याचं असेल (रहदारीच्या रस्त्याला लागून खड्डा खणणं, गर्दीत भिंत पाडणं), तर ‘ठेका दिला होता’ हे उत्तर पुरत नाही. आणि कागदावर ठेकेदार पण रोज सकाळी हुकूम तुमचाच, अशी रचना असेल तर कोर्ट कागदाच्या पलीकडे बघतं.

दिवसाच्या भाड्याने ऑपरेटरसकट क्रेन आणली तर तो ऑपरेटर सहसा क्रेनमालकाचाच माणूस राहतो. तुम्ही त्याला कुठला गर्डर उचलायचा ते सांगता, क्रेन कशी चालवायची ते सांगत नाही. उलट पगार न घेणारा भाचासुद्धा, तुमच्या सांगण्यावरून तुमची गाडी तुमच्या कामाला घेऊन गेला, तर त्या फेरीपुरता तुमचा माणूस ठरू शकतो. दिवाळीत हाताशी घेतलेली घरची पोरं बहुतेक सगळी यात येतात.

दुसरी पायरी: तो तुमचं काम करत होता का?

खरी लढाई इथे असते. कायद्याचे शब्द आहेत ‘नोकरीच्या ओघात’. काम तुमचं, पण केलं चुकीच्या रीतीने, हे ओघात येतं. काम त्याचं स्वतःचं, तुमची नोकरी फक्त निमित्ताला, हे येत नाही. बोलायला सोपं आहे, म्हणून दोन निकाल शेजारी ठेवून बघा.

१९६६ चा निकाल असा. मालकाने मोटार टॅक्सी म्हणून चालवायला एकाला दिली. गाडी धुणाऱ्या पोऱ्याला त्या टॅक्सीवाल्याने ड्रायव्हिंग शिकवलं आणि लायसन्सच्या परीक्षेसाठी गाडी दिली. परीक्षा देताना पोऱ्याने एकाला जखमी केलं. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने मालकाला सोडलं: पोऱ्याचं लायसन्स काढणं हे मालकाचं काम नव्हतं.

१९९५ चा निकाल महाराष्ट्र सरकारच्या जीपचा. सरकारी कामावरच्या जीपचा ड्रायव्हर दारू प्यायला होता, म्हणून त्याने चाक एका कारकुनाच्या हाती दिलं आणि अपघात झाला. सरकार म्हणालं, कारकुनाला गाडी चालवायचा अधिकारच नव्हता. न्यायालयाने ऐकलं नाही. जीप सरकारच्या कामावरच निघाली होती. रीत चुकली, काम तेच होतं. सरकारला भरपाई द्यावी लागली.

दोन्हीकडे चाक भलत्याच माणसाच्या हातात होतं, आणि तरी उत्तरं उलट आली. फरक पडला तो गाडी कुणाच्या कामाला निघाली होती यावरून.

तिसरा निकाल तर आपल्याच भागातला. १९६० च्या डिसेंबरात नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एका जिनिंग कंपनीची मोटार झाडावर आदळली. गाडी कंपनीचा मॅनेजर चालवत होता. सोबत बसलेले गृहस्थ दगावले. त्यांच्या पत्नीने दावा लावला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयात त्या हरल्या, पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं. रस्ता सोडून गाडी झाडावर जाते याचा अर्थ घटना स्वतःच सांगते, निष्काळजीपणाचा वेगळा साक्षीदार आणायची गरज नाही, हेही तिथेच म्हटलं गेलं. सतरा वर्षं लागली त्या बाईंना. म्हणून मालकांना मी सांगतो, जे देणं लागतं ते दिसत असेल तर ओढू नका.

आता शाळेच्या डब्याकडे येऊ. माल पोचवायच्या वाटेवरची छोटी वाकडी वाट आणि माल टाकून झाल्यावर स्वतःच्या कामाला गाडी उज्जैनला नेणं, या दोन्ही गोष्टी एकच नाहीत. आमच्या प्रकरणात कपाट अजून रिक्षातच होतं, फेरी संपली नव्हती, वळसा किलोमीटरभराचा होता. मालकांना मी स्वच्छ सांगितलं: तुम्ही जबाबदार आहात. तीच रिक्षा रात्री आठनंतर त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाला गेली असती तर मी वेगळं सांगितलं असतं, पण तेव्हाही पहिला प्रश्न केला असता: रात्री चावी त्याच्याकडे राहते हे तुम्हाला माहीत होतं का?

‘मी मनाई केली होती’ हा बचाव फारच कमी वेळा चालतो. १८६२ मध्ये लंडनच्या एका बस कंपनीने ड्रायव्हरांना लेखी ताकीद दिली होती की दुसऱ्या बसशी शर्यत लावायची नाही. ड्रायव्हरने लावलीच, दुसऱ्याची बस उलटवली आणि कंपनी जबाबदार ठरली. भारतातही हेच तत्त्व चालतं. काम कसं करायचं याची मनाई मालकाला वाचवत नाही. हे काम तुझं नाहीच, ही मनाई कधी कधी वाचवते. ‘गाडी हळू चालव’ आणि ‘तू हम्माल आहेस, चाकाला हातच लावायचा नाही’ यांत हा फरक आहे. दुसरी मनाईही पाळली जाते की नाही हे बघितलं नाहीत तर तिचं वजन उरत नाही.

पैशांच्या अफरातफरीत लोक फार गोंधळतात. बँकेत नोकरीला असलेल्या ओळखीच्या शेजाऱ्याकडे एका बाईंनी खात्यात भरायला पैसे दिले. त्याने ते खाल्ले आणि पासबुकात खोट्या नोंदी केल्या. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरलं नाही: पैसे बँकेच्या नोकराला नव्हे, ओळखीच्या माणसाला दिले होते. याच्या उलट, तुमचा मुनीम तुमच्या पेढीवर बसून, तुमच्या पावतीवर, तुमच्या शिक्क्याने गिऱ्हाइकाकडून उधारी वसूल करतो आणि खिशात घालतो, तेव्हा ते गिऱ्हाईक तुमच्याशीच व्यवहार करत असतं. पावतीपुस्तक कुणाच्या हातात आहे हे जपा ते यासाठी. गिऱ्हाइकांनाही सांगणं: ओळख कितीही असो, पैसे काउंटरवर भरा, पावती तिथेच घ्या.

मारहाणीचं थोडक्यात. चोरीच्या संशयावरून दुकानातल्या पोऱ्याने गिऱ्हाइकावर हात उचलला तर तो तुमचा माल राखत होता, अतिरेक केला तरी. तुम्ही अडकू शकता. गल्लीतलं जुनं वैर दुकानाच्या पायरीवर काढलं तर ते त्याचं स्वतःचं.

तिसरी पायरी: गाडी असेल तर हे आधी तपासा

इंदूरात माझ्याकडे येणाऱ्या दर दहा प्रकरणांत बहुतेक गाडीचीच असतात. गाडी कुणाच्या नावावर आहे ते बघा. विकली, पैसे मिळाले, पण आरसी बदलली नाही, तर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे नोंदीतला मालकच मालक. ‘मधे तीन हात बदलले’ हे सांगून सुटका होत नाही.

थर्ड पार्टी विमा (तुमच्या गाडीने दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर ते भरून देणारा) सक्तीचा आहे आणि तोच तुमची खरी ढाल. ती कशाने फुटते ते ठाऊक हवं. ड्रायव्हरकडे लायसन्स नसेल तर २००४ च्या निकालानंतरची वहिवाट अशी की विमा कंपनी जखमीला पैसे देते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. मात्र तुमचा हलगर्जीपणा होता हे कंपनीने सिद्ध करावं लागतं. नोकरीवर ठेवताना तुम्ही लायसन्स बघितलं, गाडी चालवून घेतली, आणि ते पुढे खोटं निघालं, तर तुमची बाजू मजबूत असते. म्हणून लायसन्सची प्रत घ्या, परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर तपासा, त्या पानाची छपाई करून तारीख घालून फाइलला लावा. पाच मिनिटांचं काम आहे. मालासकट एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला हलक्या मोटारीचं लायसन्स चालतं, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने (पाच न्यायमूर्तींच्या मोठ्या पीठाने) पक्कं केलंय, तेव्हा छोट्या टेम्पोसाठी त्याची धास्ती नको.

मालवाहू टेम्पोत माणसं बसवून लग्नाला किंवा खजराण्याच्या गणपतीला नेणं मात्र थांबवा. मालगाडीत फुकट बसलेल्यांची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही, हे डिसेंबर २००२ पासून ठरलेलं आहे. तो सगळा बोजा सरळ तुमच्या घरावर येतो. आणि दुकानातल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला ‘जरा कोपऱ्यावर लावून ये’ म्हणून स्कूटर देऊ नका. अल्पवयीनाने गुन्हा केला तर गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

इथेच एक गैरसमज दूर करतो. मालकावर येतं ते भरपाईचं दायित्व; ड्रायव्हरचा गुन्हा मालकाच्या अंगावर आपोआप येत नाही. हयगयीने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंतची शिक्षा चालवणाऱ्याला असते. विनालायसन्स माणसाला जाणूनबुजून गाडी देणं हा मालकाचा स्वतःचा गुन्हा, तो वेगळा.

दवाखान्यांसाठी एवढंच: नर्स, कंपाउंडर, ऑपरेशनपुरते बोलावलेले बाहेरचे डॉक्टर, यांच्या चुकीबद्दल रुग्णालयाला उत्तर द्यावं लागतं. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात कापड राहून एक बाई दगावली; कुणाच्या हातून राहिलं ते नेमकं ठरवता आलं नाही, तरी १९९६ मध्ये राज्य सरकार जबाबदार ठरलं. आणि दहा किंवा जास्त माणसं कामावर असतील तर २०१३ च्या कायद्याखाली लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणं हे मालकाचं स्वतःचं कर्तव्य आहे. न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड.

चौथी पायरी: कागद आधी करा

आपल्याकडे बराच धंदा जबानीवर चालतो, आणि माणुसकीने चालतो, हे मला प्रिय आहे. तरी एक दोनशे पानी वही करा. प्रत्येक माणसाचं नाव, काम काय, काय करायचं नाही, लायसन्सचा नंबर आणि मुदत, खाली त्याची सही. गाडीसाठी दुसरी वही: निघायची वेळ, कुठे, कुणाचा माल, परत कधी, किलोमीटर. रात्री चावी दुकानातल्या खिळ्याला, घरी नाही. मल्हारगंजच्या त्या प्रकरणात ही वही असती तर फेरीची वेळ सिद्ध करायला आम्हाला तीन साक्षीदार शोधावे लागले नसते.

ठेकेदाराशी करारात ‘नुकसान झाल्यास ठेकेदार भरून देईल’ हे कलम घाला. मात्र ते तुमच्या दोघांतलं आहे; जखमी माणूस त्याने बांधला जात नाही. ‘मालक जबाबदार नाही’ अशा पाटीचीही तीच गत. रोकड हाताळणाऱ्या माणसांसाठी फिडेलिटी गॅरंटी नावाचा, नोकराने पैसे खाल्ले तर ते भरून देणारा विमा मिळतो, त्याची चौकशी करा.

पाचवी पायरी: प्रसंग आला तर

आधी जखमीला दवाखान्यात पोचवा, स्वतः जा. यात कबुली होत नाही, आणि माणूस म्हणून ते करायचंच असतं. पोलिसांना कळवा. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा, पोच घ्या. दुकानाचं सीसीटीव्ही काही दिवसांत स्वतःवरच नवं रेकॉर्डिंग घेतं, म्हणून चित्रण लगेच पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

ड्रायव्हर बदलू नका. लायसन्स असलेल्या दुसऱ्या माणसाला ‘मी चालवत होतो’ म्हणून उभं करायचा सल्ला देणारे चौकाचौकात भेटतात. हे पाप आहे आणि मूर्खपणाही. खोटं उघडं पडलं की विमा जातो, फौजदारी लागते, आणि खऱ्या बचावावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

रस्त्यावर घाईने पैसे देऊन ‘मिटलं’ समजू नका. द्यायचेच असतील तर द्या, पण कागदावर, कशापोटी ते लिहून. पुढे लोक अदालतीत तडजोड करता येते आणि मला तो मार्ग बहुतेकदा बरा वाटतो. आमच्या बाईंचं प्रकरण तिथेच मिटलं. मालकांनी नंतर ड्रायव्हरच्या पगारातून परस्पर कपात सुरू केली होती, ती मी थांबवली. नुकसानीपोटी पगार कापायचा तर त्याला आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि कपातीला मर्यादा असते. ज्याने मुलीचा डबा पोचवायला वळसा घेतला त्याच्या घरी चूल बंद पाडून काही भरून येणार नव्हतं.

जखमी तुम्ही असाल तर

ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही पक्षकार करा. पूर्ण रक्कम कुणाहीकडून वसूल करता येते. आपसात काय वाटायचं ते ते बघतील. गाडीचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावायचा, आणि तो अपघात जिथे झाला तिथे किंवा तुम्ही जिथे राहता तिथेही लावता येतो. देवासजवळ धडक बसली म्हणून इंदूरच्या माणसाला दर तारखेला देवासला जायची गरज नाही. अपघातापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज जाऊ द्या. सेवेतली कसूर असेल, म्हणजे दवाखाना, बँक, कुरिअर, तर ग्राहक आयोगाकडे २ वर्षांत जा. सेवेसाठी मोजलेले पैसे ५० लाखांपर्यंत असतील तर जिल्हा आयोग चालतो. माणूस कुणाचा होता हे सिद्ध करणारं काहीही जपा: बिलावरचं दुकानाचं नाव, गाडीवरची पाटी, युनिफॉर्मचा फोटो, ‘माल निघालाय’ हा मोबाइलवरचा संदेश.

मालकांसाठी शेवटची एक गोष्ट, कारण यातच सर्वाधिक दावे हातचे जातात. समन्स किंवा नोटीस दारात आली की पाकीट फाडून टाकू नका. हातात पडल्याची तारीख त्यावरच पेनाने लिहा. दिवाणी दाव्यात लेखी उत्तराला ३० दिवस, आणि कारण दाखवलं तर कोर्ट एकूण ९० दिवसांपर्यंत देऊ शकतं. ग्राहक आयोगात ३० दिवस आणि वर फार तर १५. त्यापुढे एक दिवसही वाढवता येत नाही, हे २०२० मध्ये घटनापीठाने सांगितलंय. सेहेचाळिसाव्या दिवशी पाकीट घेऊन आलेल्या मालकासाठी आयोगापुढे मला उत्तर दाखल करता येत नाही.